कोळसा काय धरतो आणि काय सोडतो : वर्ध्याच्या पाण्याची जुनी-नवी गोष्ट

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण वर्धा जिल्ह्यात राहत असाल, घरी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल आणि घरात तान्हं बाळ असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या उन्हाळ्यात आर्वी तालुक्यात मावशीकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात नवा फिल्टर लावलेला. नातसून बाळंतीण, बाळ दोन महिन्यांचं, आईला दूध कमी म्हणून वरचं पावडरचं दूध सुरू. म्हणून मावशीने पै-पै जमवून फिल्टर घेतला. विकणारा मुलगा सांगून गेला, "काकू, यात कार्बन आहे, करवंटीच्या कोळशाचा. पाण्यातलं सगळं ओढून घेते." मावशीचा प्रश्न साधा होता : "मग आता विहिरीचं पाणी बाळाले चालते ना रे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो, दोन-चार जाणत्या लोकांना विचारलं. उत्तर निघालं "नाही". ते "नाही" का, हे समजायला कोळशाचा अडीचशे वर्षांचा इतिहास बघावा लागतो. आणि त्या इतिहासाचं एक टोक आपल्या मगनवाडीत आहे.

आपल्या घरात कोळसा काही नवा नाही. शाळेत आपण सगळ्यांनीच ते चित्र काढलंय : एकावर एक माठ, एकात वाळू, एकात कोळसा, खालच्या माठात थेंब-थेंब स्वच्छ पाणी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, निवळीची बी उगाळायची, फडक्याने गाळायचं, हे आजीला माहीत होतंच. पण कोळसा नेमकं काय करतो? आपण समजतो, तो गाळणी आहे. इथेच पहिली चूक होते. कोळशाचं खरं काम गाळण्याचं नाहीच.

१७८५ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोविट्झ नावाचा औषधशास्त्रज्ञ आम्लाचे स्फटिक तयार करत होता. द्रावण तपकिरी व्हायचं. त्यात लाकडी कोळशाची पूड पडली आणि रंग गेला. रंग पाण्यात विरघळलेला होता, म्हणजे फडक्याने किंवा वाळूने तो गाळून निघालाच नसता. कोळशाने तो स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतला. लोविट्झने लांबच्या जहाजप्रवासात पिपातल्या पाण्याला येणारा कुजका वासही कोळशाने जातो, हे दाखवलं. या चिकटवून घेण्याला आपल्याकडे अधिशोषण म्हणतात. शोषण म्हणजे स्पंजासारखं आत पिऊन घेणं. अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणं. फरक दोन अक्षरांचा वाटतो, पण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

हा शोध पहिल्यांदा पैसा देऊन गेला तो पाण्यात नाही, साखरेत. उसाचा रस मळकट तपकिरी असतो, बाजाराला पांढरी साखर हवी. १८११ साली फ्रान्समध्ये फिगिए याने दाखवलं की लाकडापेक्षा हाडांचा कोळसा रंग जास्त चांगला काढतो. मग युरोपभर साखर कारखान्यांत जनावरांची हाडं जाळून केलेला कोळसा वापरात आला. ही बातमी आपल्याकडे पोचली तेव्हा काय झालं असेल, कल्पना करा. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार होता. ही साखर हाडांनी साफ करतात, हा मुद्दा तेव्हा घरोघरी गेला होता. हिंदू-मुसलमान दोघांनाही तो लागला. म्हणजे कोळशाच्या अधिशोषणाची पहिली सार्वजनिक चर्चा आपल्याकडे धर्म आणि राजकारणाच्या अंगाने झाली, रसायनशास्त्राच्या नाही.

तीस वर्षांनी वर्ध्यात साखरेला आणखी एक उत्तर दिलं गेलं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं. सूत्रं होती अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ अशी कामं तिथे चालली. पांढऱ्या साखरेऐवजी गूळ, असा त्यांचा आग्रह होता. पण कारण हाडांचं नव्हतं. गुळात सत्त्व जास्त राहतं आणि त्याची मजुरी गावात राहते, हे कारण होतं. वस्तू पांढरी शुभ्र दिसली म्हणजे ती चांगली, हे मगनवाडीने मानलंच नाही. फिल्टरमधलं चकचकीत पाणी बघताना मला ही गोष्ट फार आठवते.

आता पाण्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कोळशाचे फिल्टर घरात, जहाजांवर आणि हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांत लावले. कोळसा वास काढतो, रंग काढतो, म्हणजे रोगही काढत असेल, असा समज. पण १८८० च्या दशकात जंतू मोजता येऊ लागले आणि समजाला धक्का बसला. पर्सी फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने तपासलं तर ताजा हाडांचा कोळसा सुरुवातीला जंतू छान अडवत होता, पण महिनाभर वापरल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत जाणाऱ्यापेक्षा जास्त जंतू निघाले. कोळशाने पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य धरून ठेवलं आणि जंतूंना आयतं जेवण मिळालं. पुढे छावण्यांतल्या कोळशाच्या फिल्टरवरचा विश्वास उडाला. आग्र्याचे हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत रूढ केली. विहिरीत लाल औषध टाकतात, हे जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. त्याची जागा नंतर ब्लीचिंगने घेतली, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर.

म्हणून पहिला धडा १४० वर्षं जुना आहे : कोळसा जंतू मारत नाही. वेळेवर बदलला नाही तर तो जंतूंचं घर होतो. आजच्या फिल्टरमध्ये कोळशावर चांदीचा लेप देतात तो यासाठीच, आणि तरीही कांडी मुदतीत बदलावी लागते. आपल्यापैकी किती जणांनी शेवटची कांडी कधी बदलली ते आठवतं?

मग "सक्रिय" कोळसा म्हणजे काय वेगळं? १९००-०१ मध्ये राफाएल फॉन ऑस्ट्रेयको याने त्याची पेटंटं घेतली. साधा कोळसा आपण भट्टीत करतो : लाकूड कमी हवेत जाळायचं, पाणी आणि डांबर उडून जातं, कर्ब उरतो. त्यात छिद्रं असतात, पण बरीचशी डांबराने बुजलेली. ऑस्ट्रेयकोने काय केलं, तर तापलेल्या कोळशातून वाफ सोडली. ८०० ते १००० अंशाला वाफ कर्बाला खाते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन कर्ब उडून जातो. वाळवी जशी लाकूड आतून पोखरते, तशी वाफ कोळसा पोखरते. दुसरा मार्ग म्हणजे लाकडाच्या भुशाला झिंक क्लोराइड किंवा फॉस्फरिक आम्ल लावून कमी तापमानाला भाजायचं. दोन्हीचा परिणाम एकच : कोळशात असंख्य बारीक भुयारं.

किती बारीक? मोठी भुयारं ५० नॅनोमीटरच्या वरची, मधली २ ते ५०, आणि सगळ्यात जास्त कामाची २ नॅनोमीटरहून बारीक. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आणि किती असंख्य? एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशाच्या भुयारांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास जागा भरते. आपल्या भाषेत दहा गुंठे. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे आणि चार ग्रॅममध्ये एकर. सातबाऱ्यावर न येणारी जमीन!

मोठी भुयारं म्हणजे गावात येणारा डांबरी रस्ता, मधली म्हणजे गल्ल्या, आणि बारीक म्हणजे घरं. पाण्यातला रेणू रस्त्याने येतो, गल्लीत शिरतो आणि घरात जाऊन बसतो. बारीक भुयारात दोन्ही भिंती जवळ असल्याने ओढ दोन्हीकडून लागते, म्हणून रेणू तिथे घट्ट बसतो. आता जंतू आठवा. एक जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा. त्याला त्या घराच्या दारातूनच आत जाता येत नाही. तो बाहेरच्या ओट्यावर बसतो आणि आत साठलेल्या खाण्यावर जगतो. फ्रँकलंडचं कोडं इथे सुटतं.

पहिल्या महायुद्धात हे ज्ञान अचानक जिवावरचं झालं. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्कीने कोळशाचा गॅसमास्क केला. कोणता कोळसा उत्तम, याचा शोध लागला तेव्हा नारळाची करवंटी आणि पीच फळाची कोय पुढे आली. कारण ती कठीण असतात आणि त्यांत बारीक भुयारं जास्त पडतात. १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांकडून कोयी आणि कवचं गोळा केली जात होती. मावशीच्या फिल्टरमधली करवंटी त्या खंदकातून आलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

युद्धानंतर कोळसा नळाच्या पाण्यात आला. शहरं पाण्यात क्लोरीन घालू लागली होती आणि कारखान्यांचं फिनॉल नदीत येत होतं. दोन्ही मिळाले की पाण्याला औषधासारखी उग्र चव येई. १९२९ मध्ये जर्मनीत हाम शहराने आणि १९३० मध्ये अमेरिकेत बे सिटीने सक्रिय कोळशाच्या गाळण्या बसवल्या. चव गेली. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं की क्लोरीन आणि पाण्यातला कुजका पाला-पाचोळा मिळून क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात, आणि कोळशाचं महत्त्व आणखी वाढलं.

तर कोळसा धरतो काय? फिनॉल, बरीच कीटकनाशकं, रंग, कुजका वास, क्लोरोफॉर्म. यांची एक सवय समान आहे : ही सेंद्रिय द्रव्यं आहेत आणि त्यांना पाणी फारसं आवडत नाही. पाण्यात नाइलाजाने राहिलेली असतात, कर्बाची भिंत दिसली की तिकडे सरकतात. क्लोरीनचं वेगळं. ते चिकटत नाही, कर्बाशी अभिक्रिया होऊन संपतं. पण यातून दुसरा धडा निघतो. नळाच्या पाण्यात ठेवलेलं क्लोरीन हे साठवणीत जंतूंपासून राखण करणारं असतं. फिल्टरने ते काढलं की राखणदार गेला. फिल्टरचं पाणी दोन-दोन दिवस भरून ठेवू नका, रोज ताजं घ्या.

आणि कोळसा सोडतो काय? मीठ, कठीणपणा आणि नायट्रेट. नायट्रेट हा लहानसा, विद्युतभार असलेला आयन आहे. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगून असतात. पाण्यातच तो सुखी. कर्बाच्या भिंतीकडे जायचं त्याला कारणच नाही. साधा सक्रिय कोळसा कितीही चांगला असो, दहा गुंठे असो की पंधरा, नायट्रेट त्यातून सरळ निघून जातं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तर पाणी उडतं, नायट्रेट मागे राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं.

आता बातमी अशी आहे. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल पाहिला तर देशात ४४० जिल्ह्यांच्या भूजलात कुठे ना कुठे नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून जास्त नमुने या रेषेच्या वर होते. आणि जे १५ जिल्हे सगळ्यात जास्त बाधित म्हणून वेगळे काढले, त्यांत सात आपल्या महाराष्ट्रातले : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. हो, वर्धा. गांधीजींचा, विनोबांचा, ग्रामसफाईचा वर्धा.

याचा धोका कुणाला? सगळ्यात आधी सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे डॉक्टर हंटर कॉमली यांनी नोंद केली की शेतातल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन बाळं निळी पडत होती. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून न्यायचं काम सोडतं. पोटाच्या जंतुसंसर्गाचाही यात वाटा असतो, हे पुढे लक्षात आलं. पण विहीर आणि पावडरचं दूध ही जोडी धोक्याची, हे तेव्हापासून माहीत आहे. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका फारसा नाही. मावशीचा प्रश्न परत वाचा. ती नेमकं हेच विचारत होती.

नायट्रेट येतं कुठून? शेतातल्या युरियातून, विहिरीशेजारच्या उकिरड्यातून, गोठ्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून. आपली जमीन काळी, खाली भेगाळलेला बेसाल्ट. पावसाचं पाणी भेगांतून खाली जाताना हे सगळं घेऊन विहिरीत उतरतं.

इथे मला मगनवाडी पुन्हा आठवते. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते, तेव्हा महादेवभाई, मीराबेन आणि सोबतची मंडळी सकाळी शेजारच्या सिंदी गावात जाऊन रस्त्यावरची घाण उचलायची. लोक नाकं मुरडायचे. पण ती मंडळी नुसती स्वच्छता करत नव्हती. घाण उथळ चरात मातीआड करून तिचं सोनखत करायचं आणि ते शेतात घालायचं, असा तो प्रयोग होता. आजच्या भाषेत सांगायचं तर नत्र शेतात ठेवा, विहिरीत जाऊ देऊ नका. नव्वद वर्षांपूर्वी सांगितलेलं. आज घरोघरी संडास झाले, चांगलंच झालं, पण शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे, हे कोणी मोजलं? पिकाला खताची दुसरी पोती टाकताना माती परीक्षण किती जण करतात? जे नत्र पीक घेत नाही, ते आपण पितो.

काही जण म्हणतील, आपल्याकडे पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, उगाच बांधावर जाळतो, त्याचाच सक्रिय कोळसा करू. करूच. पऱ्हाटीपासून असा कोळसा होतो, हे प्रयोगशाळांत दाखवलेलं आहे. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, नागपुरात नीरी आहे. गावाला उद्योग मिळेल, फवारणीच्या औषधांचा अंश पाण्यातून काढायला तो कामाचा ठरेल. पण नायट्रेटसाठी तो इलाज नाही, हे त्याच दमात सांगायला हवं.

प्रत्येक विषाचा इलाज वेगळा असतो. फ्लोराइडचं उदाहरण घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या लोकांना ते चांगलंच माहीत आहे. त्यासाठी नीरीने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत काढली. गंमत म्हणजे फ्लोराइड हाडांचा कोळसाही धरतो, पण कर्बामुळे नाही, हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेटमुळे. नायट्रेटला आयन बदलणारं रेझिन लागतं किंवा आरओ. आरओ बरंच पाणी वाया घालवतं, उन्हाळ्यात टँकर बघणाऱ्या गावाला ते परवडत नाही. म्हणून घरोघरी यंत्र लावण्यापेक्षा आधी स्रोत तपासणं आणि सुरक्षित स्रोत वेगळा राखणं शहाणपणाचं.

तर करायचं काय?

एक : विहीर-बोअरचं पाणी तपासून घ्या. जिल्हा आणि उपविभागीय पाणी प्रयोगशाळा आहेत, गावात जलसुरक्षक आहे. नमुना देताना "जंतू आणि नायट्रेट दोन्ही" असं स्पष्ट सांगा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. विक्रेत्याचं टीडीएस मीटर नायट्रेट वेगळं दाखवत नाही, त्यावर जाऊ नका.

दोन : अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला त्या विहिरीचं पाणी वापरू नका, उकळूनही नाही. तपासलेल्या नळयोजनेचं पाणी घ्या आणि आशाताईंशी, डॉक्टरांशी बोला.

तीन : ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : गावातल्या प्रत्येक सार्वजनिक स्रोताचा नायट्रेटचा आकडा किती? हिरवं कार्ड, लाल कार्ड कळतं, तसा हा आकडाही फलकावर लागला पाहिजे.

चार : फिल्टर विकणाऱ्याला विचारा, "हा नायट्रेट काढतो का? लिहून देता का?" "सगळं काढतो" हे उत्तर नाही.

मावशीच्या विहिरीचं पाणी आम्ही तपासायला दिलं. नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. बाळाचं दूध आता नळयोजनेच्या पाण्यात होतं, आधी ते पाणीही तपासून घेतलं. फिल्टर अजून ओट्यावर आहे. नळाच्या पाण्याचा टीसीएलचा वास तो छान काढतो. तेवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. मावशी म्हणाली, "त्या पोरानं तेवढंच सांगितलं असतं तरी मी घेतला असता."

तुमच्या गावातला नायट्रेटचा आकडा माहीत असेल तर खाली लिहा. माहीत नसेल तर या आठवड्यात नमुना द्या. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा.